खुबारोपणानंतरचा पार्ष्णिशूल : आधी दर्शन, मग चिकित्सा

खुब्याचा झिजलेला सांधा काढून कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आज जिल्ह्याच्या ठिकाणी सर्रास होते. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचे शीर्ष आणि पॉलिएथिलीनची वाटी ही जोडी प्रचारात आणली. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया असंख्य वृद्धांना पुन्हा चालते करीत आली आहे. सुश्रुताचार्यांनी वंक्षणसंधीची गणना उलूखल संधींत केली. उखळ आणि मुसळ हीच कल्पना आजच्या कृत्रिम सांध्यातही आहे, हे पाहून आपल्या शारीराविषयी आदर दुणावतो.

असे रुग्ण चार-सहा दिवसांत घरी परततात आणि पुढील काळात आपल्याकडे येतात. निद्रानाश, मलावरोध, दौर्बल्य, पायाची सूज अशा तक्रारी असतात; पुष्कळांची टाचही दुखत असते. पार्ष्णिशूल म्हटला की आपली लेखणी सवयीने चालू लागते. वातकंटक हे निदान, तैलाभ्यंग, स्वेद, एरंडस्नेह आणि गरज पडल्यास अग्निकर्म. या घाईतून माझ्या हातून एक चूक घडली आणि ती माझ्या जन्मदात्या आईच्या बाबतीत घडली. प्रस्तुत लेख यशस्वी चिकित्सेचा वृत्तान्त नाही. त्या चुकीतून जे शिकता आले ते व्यवसायबंधूंपुढे ठेवावे, एवढाच हेतू आहे.

रुग्णवृत्त : पहिली टाच

रुग्णा, वय ७१ वर्षे, निवृत्त शिक्षिका. बारा वर्षांपासून मधुमेह, औषधांनी नियंत्रित. उजव्या खुब्याचा संधिवात पाच-सहा वर्षांचा. अभ्यंग, बस्ती, गुग्गुळकल्प यांनी बराच काळ निभावले. परंतु शेवटच्या वर्षात रात्रीची झोप मोडू लागली आणि बसून उठणे अशक्य झाले. जानेवारी २०२३ मध्ये कमरेतून भूल देऊन उजव्या खुब्याचे रोपण करण्यात आले. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी चिकित्सालय आटोपून मी रुग्णालयात पोहोचले. आई म्हणाली, “अगं, ही उजवी टाच सारखी जळते आहे.” मी मनातल्या मनात हेतू मोजले. वार्धक्य, शस्त्रकर्म, रक्तक्षय, उपवास, जागरण. वातप्रकोपाला आणखी काय हवे? पिशवीत सहचर तैलाची बाटली होती. खोलीत मंद दिवा होता, पाय चादरीखाली होते. चादर दूर न करताच मी हात आत घातला आणि दहा-पंधरा मिनिटे टाच चांगली चोळली. आईने “बरे वाटले” असे सांगितले. ते खरे होते की लेकीचे मन राखण्यासाठी होते, हे मी आजतागायत विचारलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग पुसताना परिचारिकेने पाय अलगद उचलला आणि मला जवळ बोलावले. टाचेच्या मागील बाजूस पाच रुपयांच्या नाण्याएवढा जांभळट फोड आला होता. भोवतीची त्वचा लाल होती आणि बोटाने दाबून सोडली तरी ती लाली ओसरत नव्हती. “काल कोणी पाहिले नव्हते का?” एवढेच तिने विचारले. प्रश्न साधा होता, त्यात आरोप नव्हता. मजजवळ उत्तर नव्हते. मी टाचेला हात लावला होता. टाच पाहिली नव्हती.

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून शिकवितो. माझ्याकडून स्पर्शन झाले तेही चिकित्सा म्हणून, परीक्षा म्हणून नव्हे. प्रश्न अर्धवट राहिला. दर्शन झालेच नाही.

हे असे का घडते?

टाचेच्या तळव्याला मेदाची जाड गादी असते. मागच्या बाजूस मात्र त्वचा आणि अस्थी यांच्यामध्ये फारच थोडे आच्छादन असते. निरोगी मनुष्य झोपेतही पाय हलवितो, म्हणून तेथील रक्तप्रवाह अडत नाही. खुबारोपणानंतर पहिले काही दिवस शस्त्रक्रिया झालेला पाय रुग्ण वेदनेच्या भयाने हलवीत नाही. भूल आणि वेदनाशामके यांमुळे धोक्याची सूचना देणारी संवेदना मंदावलेली असते. तासन्‌तास संपूर्ण पायाचा भार टाचेच्या एका लहानशा जागेवर पडून राहतो. रुग्ण मधुमेही असेल तर संवेदना आणि रक्तप्रवाह दोन्ही आधीच उणे असतात. ही पीडनजन्य व्रणाची पूर्वावस्था होय. अशा ठिकाणी मर्दन केल्यास दाबाने दुखावलेल्या धातूंवर आणखी आघात होतो. मी नेमके तेच केले होते.

त्यावरील उपाय औषधाहून सोपा आहे. मांडीपासून घोट्यापर्यंत पोटरीखाली लांबट उशी अशी ठेवावी की टाच गादीला न टेकता अधांतरी राहील. केवळ गुडघ्याखाली उशी ठेवू नये. त्यामुळे पोटरीकडून येणाऱ्या सिरांवर दाब पडतो आणि खुबा व गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडण्याचा संभव राहतो. कापडाची चुंबळ करून टाच तीत ठेवण्याची घरगुती पद्धतही टाळावी, कारण चुंबळीच्या कडेचा दाब भोवतालच्या त्वचेचा रक्तप्रवाह अडवितो. दिवसातून दोनदा दोन्ही टाचा उजेडात पाहाव्यात. लाली दिसल्यास बोटाने दाबून पाहावे. दाब काढल्यावरही ती लालच राहिली तर ती जागा धोक्यात आहे असे समजून तत्काळ भारमुक्त करावी.

आईचा फोड न फोडता रुग्णालयातील पद्धतीने झाकून ठेवला. टाच अधांतरी ठेवली, रक्तशर्करेवर काटेकोर लक्ष ठेवले. पाच आठवड्यांनी त्वचा पूर्ववत झाली. त्या पाच आठवड्यांत प्रत्येक वेळी पट्टी बदलताना मला एकच धास्ती होती. शरीरात कुठेही जंतुसंसर्ग झाला तरी तो रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो. टाचेवरचा लहानसा व्रण अशा रुग्णात लहान नसतो.

दुसरी टाच

मार्चच्या प्रारंभी, शस्त्रक्रियेनंतर सातव्या आठवड्यात, आईने पुन्हा टाचेची तक्रार केली. या वेळी टाच डावी होती. सकाळी उठून पहिले पाऊल टाकताच काटा रुतावा तशी कळ येई. चार पावले चालल्यावर ती सुसह्य होई आणि संध्याकाळी पुन्हा वाढे.

या वेळी मी आधी खिडकीचा पडदा सरकविला. त्वचा स्वच्छ होती. लाली, फोड, भेग काही नव्हते. पोटरीला सूज अथवा उष्णता नव्हती. पायाचा अंगठा आणि पाऊल वर उचलण्याची शक्ती दोन्हीकडे सारखी होती. तळव्याच्या आतील बाजूस, टाचेच्या पुढल्या कडेवर अंगठ्याने दाबताच रुग्णा कळवळली. क्ष-किरण चित्रात टाचेचे हाड किंचित वाढलेले दिसले. परंतु असे वाढलेले हाड वेदनारहित टाचांतही पुष्कळदा आढळते, म्हणून त्याला फार महत्त्व दिले नाही. हा खराखुरा वातकंटक होता. पाऊल विषम पडल्याने अथवा श्रमाने वायू घोट्याच्या आश्रयाने रुजा उत्पन्न करतो, असे आपल्या ग्रंथकारांनी त्याचे वर्णन केले आहे.

पाऊल विषम का पडत होते, हे शोधण्यासाठी मी आईला दिवाणखान्यात चालावयास सांगितले आणि स्वतः खाली बसून पाहिले. तीन गोष्टी दिसल्या. पहिली, ती काठी उजव्या हातात धरीत होती. शस्त्रक्रिया उजव्या खुब्याची, म्हणजे काठी डाव्या हातात हवी; तरच उजव्या खुब्यावरील भार हलका होतो आणि कंबर डावीकडे कलत नाही. दुसरी, घरातील गुळगुळीत, कठीण फरशीवर ती अनवाणी वावरत होती. तिसरी गोष्ट पाहून मात्र मी खजील झाले. उजवे पाऊल ती चवड्यावर टाकीत होती आणि सारा भार धाडकन डाव्या टाचेवर सोडीत होती. उजवी टाच पाच आठवडे हुळहुळी होती. ती जमिनीला न टेकविण्याची सवय शरीराला जडली होती. व्रण भरला तरी सवय उरली. पहिल्या टाचेच्या वेळी माझ्या हातून जो प्रमाद घडला, त्याची परिणती दुसऱ्या टाचेत झाली होती.

चिकित्सेचा विचार आणि मर्यादा

वातकंटकासाठी आपल्या ग्रंथांत रक्तावसेचन, एरंडतैलपान आणि सूचीने दहन हे उपक्रम सांगितले आहेत. मात्राबस्ती आणि स्वेद व्यवहारात आहेतच. मी स्वतः अनेक रुग्णांत अग्निकर्माचा उत्तम गुण पाहिला आहे. परंतु नुकतेच खुबारोपण झालेल्या रुग्णात यांतील प्रत्येक उपक्रम पुन्हा तपासून घ्यावा लागतो, हे मला त्या आठवड्यात प्रकर्षाने जाणवले.

मात्राबस्ती : बस्तीसाठी आपण रुग्णास डाव्या कुशीवर निजवितो, डावा पाय सरळ आणि उजवा पाय गुडघ्यात व खुब्यात वाकवून पोटाकडे घेतो. खुब्याच्या मागील बाजूने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास प्रारंभीच्या काळात तीन गोष्टी वर्ज्य असतात : खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकविणे, पाय शरीराच्या मध्यरेषेपलीकडे नेणे आणि पाय आतल्या बाजूस वळविणे. बस्तीच्या नेहमीच्या स्थितीत, विशेषतः उजव्या खुब्याच्या रुग्णात, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात आणि सांधा निखळण्याचा धोका संभवतो. सवयीने मी सहायिकेला बस्तीची तयारी करण्यास सांगितलेही होते. द्रव्ये कोमट होत असताना हे ध्यानात आले. शल्यविशारदाने मोकळीक देईपर्यंत बस्ती पुढे ढकलणे हेच श्रेयस्कर.

एरंडस्नेह : स्नेहाचा दोष नाही, वेगाचा आहे. चौकटीच्या आधाराने चालणारा वृद्ध रुग्ण रात्री मलवेगाने घाईघाईत उठला तर पडण्याचा संभव असतो. भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर उकिडवे बसणे या काळात सर्वथा निषिद्ध आहे. म्हणून अनुलोमन मृदू ठेवावे, वेग सकाळी यावा अशी वेळ निवडावी आणि घरी उंच बैठकीच्या शौचासनाची व्यवस्था आहे की नाही ते आधी विचारावे.

रक्तावसेचन व अग्निकर्म : खुबारोपणानंतर सिरांत रक्त गोठू नये म्हणून रुग्णास काही आठवडे, पुष्कळदा पाच आठवड्यांपर्यंत, रक्त पातळ ठेवणारी औषधे देतात. या काळात जलौका अथवा सिरावेध करणे साहसाचे ठरते. औषधे थांबल्यानंतरही त्वचेचा प्रत्येक भेद हा जंतूंना मार्ग असतो. त्यात रुग्णा मधुमेही. म्हणून दोन्ही उपक्रम वर्ज्य मानले. लसूण, गुग्गुळ इत्यादी द्रव्ये औषधी मात्रेत योजण्यापूर्वी रुग्ण कोणती गोळी घेतो हे विचारावेच.

स्वेद : तापविलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून त्यावर टाच दाबणे हा आपल्याकडील जुना घरगुती उपाय. शेजारणींनी तो आवर्जून सुचविला. मधुमेहामुळे अथवा मज्जातंतू ताणला गेल्यामुळे पावलाची संवेदना मंद असेल तर चटका बसल्याचे रुग्णाला कळत नाही आणि फोड येतो. एका फोडाचा अनुभव आम्हाला पुरेसा होता.

अभ्यंग : पोटरी सुजलेली, गरम वा दुखरी असेल तर मर्दन करू नये, तेथे रक्ताची गुठळी असू शकते. तळव्याला लावलेले तेल पुसल्याशिवाय रुग्णास उभे करू नये. तेलकट पाय आणि गुळगुळीत फरशी यांची गाठ पडली तर टाचेची चिकित्सा बाजूला राहून अस्थिभग्नाची करावी लागते.

प्रत्यक्ष काय केले?

निदानपरिवर्जन प्रथम. काठी डाव्या हातात दिली. उजवी टाच आधी, मग चवडा असे पाऊल टाकण्याचा सराव व्यायामतज्ज्ञाच्या देखरेखीखाली रोज तीन वेळा, दिवाणखान्याच्या दोन फेऱ्यांपुरता ठेवला. मऊ तळ्याची, मागे पट्टा असलेली पादत्राणे घरातही घालावयास दिली. सैल चपला बाद केल्या. उजवा पाय लांब झाल्यासारखा वाटतो अशी आईची आणखी एक तक्रार होती आणि डाव्या चपलेला टाच चढवून घ्यावी असा घरात विचार चालला होता. शस्त्रक्रियेनंतर स्नायूंच्या आखडण्यामुळे असा भास पुष्कळांना होतो आणि काही महिन्यांत तो बहुधा कमी होतो. शल्यविशारदांनीही थांबण्याचा सल्ला दिला, म्हणून चपलेत बदल केला नाही.

अभ्यंगासाठी बला तैल, रात्री झोपण्यापूर्वी, काशाच्या वाटीने डाव्या तळव्यास हलक्या हाताने दहा मिनिटे. हे काम घरातील दुसऱ्या व्यक्तीने करावे. रुग्णाने मांडीवर पाय घेऊन अथवा खाली वाकून करू नये. नंतर तळवा डाळीच्या पिठाने पुसून कोरडा केला. पोटात रास्नासप्तक क्वाथ २० मि.लि. दोन वेळा जेवणापूर्वी दिला. मधुमेहामुळे आसवारिष्टे टाळली. आहारात मुगाचे कढण, ज्वारीची भाकरी, जेवणात थोडे तूप, ताक जिऱ्यासह. रात्री उशिरा जेवणे बंद केले.

सकाळी अंथरुणातून उतरण्यापूर्वीचा एक उपाय विशेष उपयुक्त ठरला. पाठीला उशांचा आधार देऊन रेलून बसावे, लांब पंचा डाव्या चवड्याभोवती घेऊन दोन्ही टोके हातात धरावीत आणि चवडा हळूहळू आपल्याकडे ओढून तीस आकडे मोजेपर्यंत धरावा. असे पाच वेळा. पंचा लांबच हवा, म्हणजे पुढे वाकावे लागत नाही. रात्रभर आखडलेला तळवा पहिल्या पावलापूर्वी सैल होतो.

तिसऱ्या आठवड्यात सकाळची कळ निम्म्यावर आली. मे महिन्याच्या अखेरीस आई काठीच्या आधाराने कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन परत आली आणि टाचेचा उल्लेखही केला नाही. हा गुण एका कल्पाचा आहे असे मी म्हणणार नाही. या व्याधीत काळाचाही मोठा वाटा असतो. परंतु काठीचा हात बदलला नसता तर कोणतेही तैल पुरे पडले नसते, याविषयी मला शंका नाही.

तपासणीचा क्रम

खुबारोपणानंतर टाच दुखते असे सांगणाऱ्या प्रत्येक रुग्णास मी आता पुढील क्रमाने तपासते.

१) शस्त्रक्रियेस किती दिवस झाले? पहिल्या पंधरवड्यात दाबाचा विचार आधी. चालणे वाढल्यानंतर वातकंटकाचा.

२) कोणती टाच आणि टाचेचा कोणता भाग? मागचा भाग अंथरुणाचा, तळ चालण्याचा.

३) पडून असताना अधिक दुखते की पहिल्या पावलाला?

४) दोन्ही टाचा उजेडात, मोजे काढून पाहिल्या का?

५) पोटरी सुजलेली, गरम वा दुखरी आहे का?

६) अंगठा व पाऊल वर उचलता येते का? बधिरपणा आहे का?

७) रक्त पातळ ठेवणारे औषध चालू आहे का? मधुमेह आहे का?

८) रुग्णास चालताना पाहिले का? काठी कोणत्या हातात आहे?

पोटरीची सूज, छातीत दुखणे वा धाप, पाऊल लुळे पडणे, ज्वर, शस्त्रक्रियेच्या जखमेतून स्राव, भार दिल्यावर जांघेत वा मांडीत नव्याने कळ, एकाएकी पाय आखूड होऊन वळणे, यांपैकी काहीही आढळल्यास आपली चिकित्सा थांबवून रुग्णास त्याच दिवशी शल्यविशारदाकडे पाठवावे. धाप अथवा पाय आखूड होणे असेल तर त्याच घटकेस.

उपसंहार

गुल्फ आणि कूर्चशिर ही सुश्रुताचार्यांनी सांगितलेली रुजाकर मर्मे घोट्याच्या परिसरातच आहेत. या प्रदेशातील वेदना रुग्णास किती हैराण करते हे त्यांनी जाणले होते. परंतु “टाच दुखते” हे एकच वाक्य माझ्या आईने दोन महिन्यांत दोनदा उच्चारले आणि दोन्ही वेळा व्याधी निराळा होता. पहिल्या वेळी तैल अपायकारक ठरले, दुसऱ्या वेळी उपकारक. दोन्ही वेळा हेतूंची यादी जवळजवळ तीच होती. भेद फक्त पाहिल्याने कळला.

माझ्या चिकित्सालयात आता तपासणीच्या खाटेच्या पायथ्याशी स्वतंत्र दिवा लावलेला आहे. रुग्ण कोणतीही तक्रार घेऊन येवो, खुब्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर मोजे काढून तो दिवा लावावयाचा, असा नियम सहायिकेस घालून दिला आहे. आईला हे ठाऊक आहे. तपासणीसाठी आली की ती आधी स्वतःच मोजे काढून बसते.